चेकिंगच्या रांगेचं गणित : सुरक्षेच्या मॉडेलमध्ये माणूस कुठे बसवायचा?

मंदार_घाटकोपर (धागालेखक)

सुरक्षाव्यवस्थेची गणिती मॉडेलं करताना आपण यंत्रं, गेट, कॅमेरे सगळं चोख मोजतो आणि माणसाच्या नावापुढे एक ठरलेला आकडा लिहून मोकळे होतो. 'गार्ड एका बॅगेला तीन सेकंद घेतो', झालं. माझं म्हणणं असं आहे की मुंबईत अख्खं मॉडेल याच आकड्यापाशी कोसळतं, कारण तो ठरलेला नसतोच. समोरची रांग बघून तो बदलत राहतो.

आधी साधं गणित मांडतो. रांगांचं शास्त्र जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने 1909 मध्ये फोन कॉल्सवर त्याची सुरुवात केली. त्यातलं सर्वांत सोपं सूत्र सांगतं की रांगेत आणि तपासणीत मिळून जाणारा सरासरी वेळ म्हणजे एक भागिले (तपासणीचा वेग वजा माणसं येण्याचा वेग). समजा स्कॅनरवर मिनिटाला 20 बॅगा निघतात, म्हणजे बॅगेला तीन सेकंद. मिनिटाला 15 माणसं आली तर प्रत्येकाचे 12 सेकंद जातात. 18 आली तर 30 सेकंद. 19 आली तर पूर्ण एक मिनिट. माणसं चारच वाढली, पण वेळ पाचपट झाला. आणि हे सूत्र माणसं विखरून येतात असं धरून आहे. घाटकोपरला लोकल लागली की लोंढाच्या लोंढा एकदम मेट्रोच्या जिन्याकडे वळतो, त्यामुळे प्रत्यक्षात हाल याहून जास्त.

आता गार्डच्या जागी उभे राहा. मिनिटाला 19 माणसं येतायत, मागून 'अहो पटपट करा' चालू आहे. त्याने बॅगेमागे फक्त एक सेकंद वाचवला, तीनाचे दोन केले, तर मिनिटाला 30 बॅगा निघतात आणि सरासरी वेळ एका मिनिटावरून साडेपाच सेकंदांवर येतो. एका सेकंदाच्या ढिलाईचं एवढं मोठं बक्षीस! रांग कमी झालेली सगळ्यांना दिसते. त्या एका सेकंदात नजरेतून काय सुटलं, ते कोणालाच दिसत नाही.

माणसं मिनिटाला 20 च्या वर गेली की सूत्र म्हणतं, रांग अनंत होणार. पण मुंबईत अनंत रांग कोणी पाहिली आहे? ती होत नाही, कारण माणूस नियम वाकवतो. लॅपटॉपची बॅग हाताने चाचपून सोडली जाते, छोटी पर्स बघितलीच जात नाही. समीकरणात जिथे 'अनंत' येतं, तिथे प्रत्यक्षात सुरक्षा गळू लागते. म्हणून तपासणीचा वेग हा रांगेच्या लांबीवर अवलंबून धरायला हवा आणि धोकादायक वस्तू सापडण्याची शक्यता तपासणीच्या वेळेवर. असं एकमेकांत गुंतवलं की एक विचित्र उत्तर हाती येतं. नियम एका मर्यादेपलीकडे कडक केला की एकूण सुरक्षा कमी होते. आणि चेकिंगच्या अलीकडे जमलेली गर्दी हीसुद्धा धोक्याचीच जागा, ती वेगळीच.

तुमच्या कामात, सोसायटीत, प्रवासात असं काही बघितलं असेल तर लिहा. मला खरोखर हवं आहे.

निरुपमा_सांख्यिकी

मंदार, मांडणी आवडली. यात आणखी एक गोष्ट जोडायला हवी, ती म्हणजे दुर्मिळता. सापडण्याची शक्यता फक्त वेळेवर अवलंबून नसते. ती वस्तू किती वेळा समोर येते यावरही असते. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांचा 2005 चा प्रयोग आहे. निम्म्या चित्रांत शोधायची वस्तू होती तेव्हा बघणाऱ्यांच्या नजरेतून सुमारे 7 टक्के सुटल्या. तीच वस्तू शंभरातल्या एकाच चित्रात असताना 30 टक्के सुटल्या. डोळे सारखेच, कामही तेच.

मेटल डिटेक्टरच्या चौकटीचं बघा. 10 लाख माणसं जातात आणि त्यात खरा धोका एकाकडे आहे असं समजा. यंत्र 99 टक्के अचूक आणि चुकीचा अलार्म फक्त 1 टक्का, म्हणजे कागदावर उत्तम. तरी त्या एकासाठी दहा हजार निरपराध माणसांवर पीं वाजणार. आपल्याकडे तर खिशात मोबाइल, किल्ल्या, कमरेला बेल्ट घेऊनच सगळे चौकटीतून जातात, म्हणजे जवळपास प्रत्येकावर वाजतं. तिथे उभा असलेला माणूस आवाजाकडे लक्ष देईनासा होतो, ते आळसामुळे नाही. त्याचा अनुभव त्याला दर वेळी सांगतो की या आवाजाला अर्थ नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मेंढपाळाच्या पोराकडून ऐकतो. इथे ओरडणारं यंत्र आहे आणि बोल लागतो गावकऱ्याला.

यावर उपाय निघाला आहे. विमानतळांवरच्या स्कॅनरच्या पडद्यावर अधूनमधून खोट्या हत्यारांची चित्रं मिसळतात. गार्डने बटण दाबलं की कळतं, ते चित्र चाचणीचं होतं. त्यामुळे दुर्मिळता कमी होते आणि मंदारला हवा तो आकडाही मिळतो, कारण कोण किती ओळखतो हे मोजता येतं.

विनायक_ठाणे

गणित पटतं, पण मला भीती वेगळीच आहे. 'गार्डची थकण्याची शक्यता' असलं काही मोजणार कसं? अंदाजाने आकडा टाकायचा, मग आलेख काढायचा, आणि तो आलेख बघून वरचा साहेब म्हणणार, शास्त्रानेच सिद्ध झालंय. आमच्या कंपनीत सल्लागारांनी असंच मॉडेल दाखवून गेटवरची माणसं कमी करायला लावली. चुकीचा आकडा कागदावर नुसत्या अंदाजापेक्षा जास्त घातक ठरतो, कारण मग त्याला कोणी विचारत नाही.

मंदार_घाटकोपर (धागालेखक)

विनायकराव, मुद्दा गंभीर आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, थकवा मोजलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्मन मॅकवर्थने रडारवर बसणाऱ्यांसाठी प्रयोग केला होता, तो 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. तबकडीवर एक काटा एकेक टिचकी पुढे सरकतो आणि कधीतरी दुप्पट उडी मारतो, ती ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढू लागल्या. युरोपातल्या विमानतळांवर स्कॅनरच्या पडद्यासमोर सलग 20 मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाहीत, ते या प्रकारच्या अभ्यासांमुळेच. आपल्याकडे सोसायटीचा वॉचमन बारा तासांच्या ड्युटीवर असतो, त्याच्याकडून आपण सलग जागरूकतेची अपेक्षा ठेवतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वेळी अचूक आकडा लागतोच असं नाही. पुष्कळदा दिशा पुरते. आकडा दुप्पट धरा, निम्मा धरा, निष्कर्ष तोच राहिला तर त्यावर विसंबता येतं. आकडा जरा हलवला की निष्कर्ष उलटत असेल तर मॉडेल सांगतंय की आधी हे मोजा, मग बोला. सल्लागाराला हाच प्रश्न विचारायचा : कोणता आकडा हलवला की तुमचं उत्तर बदलतं? तो उत्तर देऊ शकला नाही तर आलेख बाजूला ठेवा.

वसंतकाका_परळ

रेल्वेत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. तुम्ही सगळे हत्यार शोधण्याबद्दल बोलताय. मुंबईत माणसं गर्दीनेच मरतात, ते आधी बोला.

29 सप्टेंबर 2017, सकाळी साडेदहाचा सुमार. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर, म्हणजे आताच्या प्रभादेवीला, 23 माणसं गेली. पाऊस कोसळत होता म्हणून पुलावर आलेले लोक खाली उतरेनात, आडोशाला थांबले. खालून गाड्या येतच होत्या आणि प्रत्येक गाडी नवी माणसं जिन्यावर चढवत होती. बाहेर पडणं बंद, आत येणं चालू. जिना अरुंद. गिरण्या गेल्या, त्या जागी ऑफिसांचे टॉवर उभे राहिले, माणसं कित्येक पटींनी वाढली, पूल मात्र गिरण्यांच्या काळातलाच. तिथे ना बॉम्ब होता, ना कोणी हल्लेखोर. नंतर लष्कराने एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवलीला पूल बांधले, फेब्रुवारी 2018 मध्ये ते सुरूही झाले. पण पुलावर माणसं किती झाली की जिन्याच्या तोंडाशीच थांबवायची, हा आकडा आधी कोणाच्या टेबलावर होता का?

आणि तुमच्या त्या चेकिंगचं एक साधं गणित. गर्दीच्या वेळी एका लोकलमधून चार हजारांवर माणसं येतात. मिनिटाला 20 धरली तर एका यंत्राला 200 मिनिटं लागतील. पुढची गाडी चार मिनिटांत येणार, म्हणजे एका गाडीसाठी पन्नास यंत्रं हवीत. लोकलला विमानतळासारखं चेकिंग करा असं दर स्फोटानंतर कोणीतरी टीव्हीवर सांगतं. त्यांना हे पन्नास यंत्रांचं गणित दाखवा.

मंदार_घाटकोपर (धागालेखक)

काका, हा भाग मी सुरुवातीलाच घ्यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. गर्दीची घनता हा आकडा उपलब्ध आहे. जॉन फ्रुइन यांनी मांडलं की एका चौरस मीटरला सुमारे 7 माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागायला लागते. माणूस आपल्या मनाने पाऊल टाकत नाही, लाट त्याला नेते. आपल्या लोकलच्या डब्यात गर्दीच्या वेळी चौरस मीटरला 14 ते 16 उभे प्रवासी असतात, रेल्वे स्वतःच हा आकडा वापरते. त्यामुळे आपल्याला घनतेची सवय झाली आहे, आणि तीच पुलावर घात करते. डब्यात माणसं उभी असतात, पुलावर चालत असतात. चालत्या गर्दीत सातालाच धोक्याची रेषा येते, आणि पायऱ्यांवर एक घसरला की वरचा भार खालच्यावर येतो.

डिर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मॉडेलमधून दाखवलं की दाराकडे जितकी जास्त घाई, तितकं बाहेर पडणं हळू, कारण माणसं दारात एकमेकांत अडकतात. मक्केजवळच्या जमरात पुलावर जानेवारी 2006 मध्ये चेंगराचेंगरी झाली, तिच्या व्हिडिओंचा त्यांनी अभ्यास केला. सुरळीत चाललेली गर्दी आधी थांबत-थांबत, लाटांमध्ये चालू लागली आणि मग सगळ्या दिशांना हेलकावे घेऊ लागली. म्हणजे अपघाताआधी खूण दिसते. कॅमेरे आपल्या पुलांवरही आहेत. चोर ओळखण्याआधी या लाटा ओळखायला ते लावावेत असं मला मनापासून वाटतं.

लालबागकर

मी मंडळाच्या रांगेत स्वयंसेवक असतो. वसंतकाकांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे कागदावर नाही, पण हातात आहे. लालबागला नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. ज्याला पाय धरायचे आहेत तो तासन् तास थांबायला तयार असतो, ज्याला लांबून बघायचं आहे तो थांबणार नाही. दोघांना एकत्र केलं तर मागून रेटा सुरू होतो.

आमचं काम दोराचं. दोर आडवा धरायचा, एक तुकडी सोडायची, पुढचं मैदान मोकळं झालं की दुसरी. नवीन पोरं पुढे बघून दोर सोडतात. जुने मागे बघतात. शेवटच्या माणसाचे हात कुठे आहेत ते बघायचं. हात खाली असतील तर ठीक. हात छातीशी आले, पुढच्याच्या पाठीवर टेकले, की सोडणं थांबवून मागून येणं तोडायचं. मंदारभाऊ, तुम्ही सात म्हणता, ते हे हात वर येण्याचंच असणार.

आणि माईकवरून नुसतं 'अजून एक तास लागेल' एवढं सांगितलं तरी रेटा कमी होतो. माहिती नसली की माणूस ढकलतो.

केतकी_चर्चगेट

मला एक वेगळी भीती मांडायची आहे. मॉडेलला आकडे कुठून येतात? तक्रारींतून. आमच्या स्टेशनला मागच्या बाजूला एक जिना आहे, दिवे नीट नाहीत, खाली दारू पिऊन बसलेले असतात. रात्री नऊनंतर आम्ही बायका तिकडून जातच नाही, मोठा वळसा घालून पुढच्या पुलावरून येतो. त्यामुळे त्या जिन्यावर काही घडत नाही. घडत नाही म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून कागदावर तो सुरक्षित. मॉडेल तिथे पोलीस कशाला पाठवेल?

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी 2016 मध्ये ओकलंडच्या अमली पदार्थांच्या नोंदी घेऊन दाखवलं की गस्त जिथे आधी जास्त होती तिथेच नोंदी जास्त, म्हणून मॉडेल पुन्हा तिथेच गस्त पाठवतं. व्यवस्था स्वतःचाच आरसा बघत बसते.

मला वाटतं, घटना मोजण्याआधी वळसे मोजायला हवेत. रात्री कुठल्या जिन्यावरून बायकांची संख्या पुरुषांच्या तुलनेत एकदम घसरते, हे मोजणं अवघड नाही. एक चौकशीचा प्रश्न आणि दोन माणसं पुरतील.

निरुपमा_सांख्यिकी

केतकी, तुझा प्रतिसाद मी वर्गात वापरणार आहे. न घडलेल्या घटनेचा आकडा हाच सगळ्यात मोलाचा असतो.

मंदार_घाटकोपर (धागालेखक)

वळसे मोजायचे, हे फार नेमकं आहे केतकी. माणूस मॉडेलमध्ये नुसता जाणारा कण नाही. तो व्यवस्थेकडे बघून स्वतःचा मार्ग बदलतो. चोरही तसंच करतो, त्यावरून पुढचा मुद्दा.

समोरचा आपल्याला बघून वागतो, हे धरून चालणारी मॉडेलं आहेत. जर्मन अर्थशास्त्रज्ञ स्टाकेलबर्गने 1934 मध्ये बाजारासाठी ती कल्पना मांडली. आधी एक चाल करतो, दुसरा ती बघून करतो. मिलिंद तांबे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती सुरक्षेला लावली आणि 2007 पासून लॉस एंजेलिस विमानतळाच्या रस्त्यांवरच्या नाकाबंद्या आणि श्वानपथकांच्या फेऱ्या त्यावरून ठरू लागल्या. सोसायटीपुरतं बघा. दोन गेट, रात्री एकच वॉचमन. पुढच्या गेटातून चोराला 3 भागांचा फायदा, मागच्यातून 1 भागाचा. वॉचमन कायम पुढे बसला तर चोर मागून येणार. 75 टक्के वेळ पुढे आणि 25 टक्के वेळ मागे, पण कधी ते कोणालाच कळू न देता, असं ठेवलं तर चोराला दोन्ही गेट सारखीच. कुठलीही दुसरी वाटणी याहून वाईट.

पण माणूस स्वतःच्या मनाने बेभरवशाचा वागू शकत नाही. चहाची टपरी मागच्या गेटाला असेल तर चारच्या सुमाराला तो तिथे असणार आणि महिनाभरात सगळ्या गल्लीला ते माहीत असणार. म्हणून चिठ्ठी यंत्राने काढावी, माणसाने पाळावी.

याच तांबे यांच्या गटाने पुढे मुंबईतल्या 'आरमान' या संस्थेबरोबर काम केलं. गरोदर आणि बाळंतीण बायकांना आरोग्याची माहिती देणारे फोन जातात, पण पुष्कळजणी मध्येच ऐकणं सोडतात. मोजक्या कार्यकर्त्यांनी या आठवड्यात कोणाला स्वतःहून फोन करावा, हे मॉडेल सुचवतं. माणसं थोडी, गरज मोठी, हाच तो प्रश्न. विषय सुरक्षेचा नाही, पण मला हे काम फार जवळचं वाटतं.

श्रीरंग_बीकेसी

बँकेच्या आयटीत आहे. तुमचा 'एक सेकंद वाचवणारा गार्ड' आमच्याकडे प्रत्येक टेबलावर बसलेला असतो. एका जुन्या नोकरीत दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावायचे. लोक काय करायचे? नाव तेच, शेवटचा आकडा एकाने वाढवायचा. जानेवारीत 1, फेब्रुवारीत 2. कोणाचा पासवर्ड काय असेल हे कॅलेंडर बघून सांगता आलं असतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे मोजलं. जुना पासवर्ड हाती असेल तर सुमारे 41 टक्के खात्यांचा नवा पासवर्ड काही सेकंदांत ओळखता आला. 2017 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनेही सांगितलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा.

लंडनच्या अँजेला सॅस आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये यासाठी 'पालनाचं बजेट' अशी कल्पना मांडली. प्रत्येक माणसाकडे नियम पाळायला ठरावीक सहनशक्ती असते. ती बिनकामाच्या नियमांवर खर्च झाली की कामाच्या नियमाला शिल्लक राहत नाही. मंदार, मॉडेलमध्ये हे नक्की घाला. नवीन नियमाची किंमत शून्य धरणं हीच सगळ्या साहेबांची सवय असते.

विनायक_ठाणे

हे सगळं वाचून माझा विरोध थोडा वेगळ्या जागी सरकला. मॉडेलला नाही, पण मॉडेल कोणासमोर मांडलं जातं त्याला आहे. गार्डला, वॉचमनला, लालबागकरांसारख्यांना कोणी ते दाखवत नाही, विचारत तर मुळीच नाही.

सुनंदा_भांडुप

मी रोज वाचते, लिहिते क्वचित. माझे मिस्टर एका मोठ्या इमारतीत बॅग स्कॅनरवर असतात. विनायकदादा म्हणतात ते खरं आहे, म्हणून लिहिते.

त्यांना रांगेवरून रोज बोलणी बसतात. नऊ ते साडेदहा सुपरवायझर मागे उभा असतो, 'लाइन लिफ्टपर्यंत गेली, हात चालवा.' काय सुटलं यावरून आजवर कोणी विचारलेलं नाही. पडदा एकच, माणूस एकच. लघवीला जायचं तर गेटवरच्या दुसऱ्याला बसवावं लागतं, त्याला पडदा वाचायचं शिक्षण नाही. डोळे चुरचुरतात म्हणून घरी आल्यावर दिवा लावू देत नाहीत. वीस मिनिटांनी माणूस बदलतात हे मी त्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, वीस मिनिटांनी नको, दोन तासांनी बदलला तरी चालेल.

मंदार_घाटकोपर (धागालेखक)

सुनंदाताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्या पहिल्या पोस्टमध्ये नव्हतंच. मी तपासणीचा वेळ फक्त रांगेवर अवलंबून धरला होता. आता त्यात तीन गोष्टी येतील : सलग किती वेळ बसला, बदली माणूस शिकलेला आहे का, आणि वरून बोलणी कशावरून बसतात. तिसरी सर्वांत जड असणार, कारण रांगेची शिक्षा रोज मिळते आणि सुटलेल्या बॅगेची बहुधा कधीच नाही.

चेकिंगपाशी मोबाइल काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे रांग मी रोजच्या प्रवासात उभा असतानाच घड्याळावर मोजतो. तुमच्या मिस्टरांना चालणार असेल, इमारतीचं नाव वगैरे काही नको, तर एवढंच विचाराल का : साडेदहानंतर रांग ओसरली की ते बॅगेला पुन्हा पूर्ण तीन सेकंद देतात, की सकाळचा वेग दिवसभर हातात बसतो?

सुनंदा_भांडुप

विचारलं. म्हणाले, जेवायच्या सुट्टीपर्यंत तोच वेग राहतो. जेवून आले की नीट बघतात.